सहा सॉकेटं म्हणजे 96 अँपिअर नव्हेत

पोर्टेबल डिस्ट्रिब्युशन बॉक्स, म्हणजे एका प्लगवरची वीज बऱ्याच सॉकेटांना वाटणारा हलवता येणारा बॉक्स, त्याबद्दलचा एक मेसेज सध्या बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 32 अँपिअरचा बॉक्स घ्या, त्याला 16 अँपिअरची सहा सॉकेटं असतात, म्हणजे 96 अँपिअर हाताशी. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच) पडत असेल तर वरच्या रेटिंगचा टाका. केबल कितीही लांब असली तरी बिघडत नाही. आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असला की ओव्हरलोडची चिंता नको. आणि बॉक्स थ्री-फेज असेल तर प्रश्नच मिटला. मी स्टेजच्या लाइटिंगचं काम करतो, असे बॉक्स उघडणं-मिटणं रोजचं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बॉक्स फक्त बाहेरून पाहिलेला दिसतो.

आधी ते 96 अँपिअर. बॉक्स वीज तयार करत नाही, मागून जी येते ती वाटतो. सिंगल फेजचा 32 अँपिअरचा प्लग, 230 व्होल्ट, म्हणजे 7,360 वॉट. सहाही सॉकेटांत मिळून एवढेच. सॉकेटं जास्त देतात ती किरकोळ लोडची बरीच उपकरणं जोडता यावीत म्हणून. आता 3,000 वॉटचे दोन हीटर आणि 2,000 वॉटची एक किटली लावा. 8,000 वॉट झाले, जवळजवळ 35 अँपिअर. मर्यादा ओलांडली, तरी एमसीबी पडणार नाही! घरगुती प्रकारच्या एमसीबीचं मानकच असं आहे की रेटिंगच्या 1.13 पटीपर्यंत तो तासभर पडू नये आणि 1.45 पटीला तासाभरात पडावा. 32 च्या एमसीबीसाठी हे आकडे साधारण 36 आणि 46. ‘अहो, चालतंय की’ हे वाक्य या मधल्या पट्टीतच जन्माला येतं.

‘पडतोय तर मोठा टाका’ हा सल्ला सगळ्यांत वाईट. एमसीबी असतो वायरीसाठी, उपकरणासाठी नाही. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. 16 च्या जागी 32 बसवला म्हणून आतली दीड चौरस एमएमची वायर काही जाड होत नाही. एक गोष्ट खरी, बंद बॉक्समध्ये, उन्हात, एकमेकांना खेटून बसवलेले एमसीबी तापून रेटिंगच्या आधीच पडू शकतात. तिथे लोड वाटून घ्यायचा आणि बॉक्स सावलीत हलवायचा, एमसीबी बदलायचा नाही.

लांबीचा मुद्दा यालाच चिकटलेला आहे. दीड चौरस एमएमची 50 मीटर लवचिक तांब्याची केबल घ्या. जाऊन-येऊन 100 मीटर वायर, रेझिस्टन्स साधारण 1.33 ओहम. तिच्यातून 13 अँपिअर गेले तर 17 व्होल्ट वाटेतच गळतात आणि केबल स्वतः जवळजवळ 225 वॉटने तापते. मोकळी पसरली असेल तर ही उष्णता हवेत जाते. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर जाणार कुठे? एका तालमीला असाच ड्रम भेटला. बाहेर काढलेली केबल जेमतेम आठ मीटर, बाकी सगळी वेढ्यांत. वरून हाताला कोमट. मेन बंद करून वेढे उलगडायला घेतले तर आतले एकमेकांना चिकटलेले, सोडवताना चरचरत होते. एमसीबी पडला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने 13 अँपिअर म्हणजे काहीच वावगं नव्हतं. ड्रमवर वॉटचे दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेल्या केबलचा वेगळा आणि मोकळ्या केबलचा वेगळा. ते कोणी वाचत नाही.

याच केबलच्या टोकाला शॉर्ट झाला तर? 230 भागिले 1.33, फार तर 173 अँपिअर, मागच्या वायरिंगमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. सी-कर्व्हचा, म्हणजे रेटिंगच्या दहापटीला हमखास झटक्यात पडणारा, 16 चा एमसीबी 160 ला पडतो. 32 चा हमखास झटक्यात पडायला 320 लागतात, आणि ते या केबलमधून येऊच शकत नाहीत. तो पडेल, पण तापून, काही सेकंदांनी. तोवर केबल ते सगळं सोसत राहणार.

आरसीसीबीचं लवकर आटपतो. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांतला फरक बघतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला की पडतो. 50 अँपिअर गेले आणि 50 परतले तर त्याचं काहीच म्हणणं नाही. गळती आणि ओव्हरलोड दोन्ही पकडणारं एकच साधन हवं असेल तर आरसीबीओ.

थ्री-फेज बॉक्समध्ये क्षमता खरंच वाढते, 32 अँपिअरला सुमारे 22 किलोवॉट. पण ती तीन फेजांत वाटलेली असते, एका सॉकेटच्या रांगेत सगळी मिळत नाही. शिवाय तिथे न्यूट्रल ढिला झाला तर खेळ वेगळाच. समजा एका फेजवर 2,000 वॉटचा हॅलोजन, दुसऱ्यावर 100 वॉटचं एखादं साधं उपकरण, तिसरा रिकामा. न्यूट्रल सुटला की ही दोन्ही दोन फेजांमधल्या 400 व्होल्टवर सिरीजमध्ये (एकामागे एक) येतात आणि त्या बिचाऱ्या 100 वॉटवाल्याला जवळजवळ 380 व्होल्ट मिळतात. म्हणून न्यूट्रलचा स्क्रू मी फेजच्याही आधी आवळतो.

मेसेजमधलं एक वाक्य बरोबर आहे: काम सुरू करण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. दाबाच. पण ते बटण फक्त आरसीसीबीची स्वतःची यंत्रणा तपासतं. प्लगमध्ये अर्थची (अर्थिंगची) वायर तुटलेली असली तरी तो तितक्याच खुशीत पडेल. त्यासाठी बॉक्स सप्लायपासून सोडवून, मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड जोडलेली आहे का, बघावी लागते. सहा सॉकेटांना दोन मिनिटं पुरतात.