टेरेन्स हिल यांच्या कारकिर्दीबाबत खुलासा

टेरेन्स हिल हे हॉलिवूडमध्ये संधी न मिळाल्याने इटलीत गेलेले अमेरिकी नट असून १९७० च्या ‘ट्रिनिटी’ या वेस्टर्न (काउबॉयच्या कथेवरील) चित्रपटापासून त्यांची कारकीर्द सुरू झाली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. मारिओ जिरोत्ती हे त्यांचे मूळ नाव असून, इटालियन वडील व जर्मन आईच्या पोटी त्यांचा जन्म १९३९ मध्ये व्हेनिसला झाला. दिग्दर्शक दिनो रिझी यांनी त्यांना शाळकरी वयातच पडद्यावर आणले, आणि पुढे लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या ‘इल गात्तोपार्दो’ (१९६३) या चित्रपटात बर्ट लँकेस्टर व आलाँ देलाँ यांच्यासोबत, दुय्यम भूमिकेत का होईना, ते मूळ नावानेच झळकले. इंग्रजी वळणाचे नाव त्यांनी १९६७ मध्ये घेतले. परदेशी बाजारपेठेवर डोळा ठेवून इटालियन वेस्टर्नमधील अनेक कलावंत तेव्हा असेच करत, त्यामुळे गैरसमज होणे स्वाभाविक असले तरी तो तपासून पाहणे अवघड नव्हते. वेस्टर्नपटांची लाट ओसरल्यावर ते विस्मृतीत गेले, हेही खरे नाही: २००० पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ‘दोन मात्तेओ’ या लोकप्रिय इटालियन मालिकेत गुन्ह्यांचा छडा लावणारा धर्मगुरू रंगवला.