हरवलं म्हणू नका, पुसलं म्हणा

रात्रीचे अडीच वाजलेत आणि माझं डोकं फिरलंय. 'जे. बी. लेनॉर, दुर्मिळ, १९६५, टीव्हीवरचं गाणं' असा मथळा असलेला व्हिडिओ दिसला. धडधडत्या छातीने लावला, तर एकच फोटो! हळूहळू मोठा होत जाणारा एक फोटो, मागे रेकॉर्डवरचं गाणं आणि कोपऱ्यात अपलोड करणाऱ्याचा शिक्का. आता हलेल, मग हलेल म्हणून मी तीन मिनिटं बघत बसलो. पुढच्या व्हिडिओत तो हलत होता, आणि ते त्याहून भयंकर. कुणीतरी कॉम्प्युटरकडून त्याचे ओठ हलवून घेतले होते. बोटं एकीकडे, सूर भलतीकडेच. मेलेल्या माणसाचं तोंड असं हलवायला यांचे हात धजावतात तरी कसे?

लेनॉर कोण हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गाणारा गवई. १९२९ साली मिसिसिपीत जन्मला, शिकागोत नावारूपाला आला. झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा कोट घालायचा. आवाज इतका उंच, की पहिल्यांदा ऐकताना बाई गातेय असं वाटतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या राज्यात खिसे रिकामे झाले यावर गायला, व्हिएतनामवर गायला, अलाबामात काळ्या माणसांचे जीव घेतले जातात त्यावर तर अंगावर काटा येईल असं गायला. 'अलाबामा ब्लूज' ही त्याची रेकॉर्ड युरोपात निघाली, पण तो जिवंत असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या देशात निघाली नाही. शेवटी शेवटी हा माणूस इलिनॉय विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात काम करत होता. मोटारीच्या अपघातानंतर एप्रिल १९६७ मध्ये गेला. अडतीस वर्षांचा होता हो!

आता माझा संताप कशावर आहे ते ऐका. स्टीव्ह आणि रोनोग सीबर्ग या जोडप्याने शिकागोत स्वतःच्या हौसेने त्याला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याची गाणी चित्रित केली. स्वीडनच्या टीव्हीवर लागावीत म्हणून. तिथे ती लागलीच नाहीत. कितीतरी वर्षं नुसती पडून राहिली. २००३ साली जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने आपल्या माहितीपटात वापरली तेव्हा कुठे जगाने पाहिली, तीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे दोन माणसांनी घरच्या घरी जे जपलं, ते जपण्यासारखं आहे हे टीव्हीवाल्यांना कळलं नाही.

आणि जे टीव्हीवर लागलं त्याचं तरी काय झालं? त्या काळची टेप दोन इंच रुंद आणि महागडी. कार्यक्रम लागला की पुसायची आणि त्याच टेपवर दुसरं काहीतरी घ्यायचं. बीबीसीने १९६३ च्या एका नाटकातला तरुण बॉब डिलन, पुढे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकन गायक, असाच १९६८ साली पुसला. डिलनची ही गत, तर मिसिसिपीच्या काळ्या गवयाला कोण विचारतो! 'रेडी स्टेडी गो' या ब्रिटिश टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचे बहुतेक भाग असेच गेले. म्हणून 'फुटेज हरवलं' हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हरवते ती छत्री. इथे कुणीतरी बटण दाबलंय.

जपलं की काय होतं तेही बघा. १९६४ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅनडा टीव्हीने मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनात, एका फलाटावर प्रेक्षक आणि समोरच्या फलाटावर कलाकार, असा कार्यक्रम केला. तो उरला, म्हणून आज पावसाने ओल्या फलाटावर गिटार घेऊन गाणारी अमेरिकन गायिका सिस्टर रोझेटा थार्प माझी पुतणी मोबाइलवर बघते आणि तिच्यासाठी वेडी होते.

आता जे कुठेतरी असेल, तेही मिळू देत नाहीत. परदेशातल्या एका संग्रहालयाला मी तीन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, की आम्ही फक्त निर्मितीसंस्थांशी व्यवहार करतो, दर मिनिटावर आहे. तिसऱ्यात मी लिहिलं, अहो, मला विकायचं नाही, दाखवायचं नाही, तुमच्याकडे आहे की नाही एवढंच सांगा. तेही सांगत नाहीत! एका संग्राहकाने 'माझ्याकडे आहे' म्हणून सांगितलं आणि बदल्यात माझ्याकडे काय दुर्मिळ आहे ते विचारलं. माझ्याकडे काही नाही म्हटल्यावर बोलणंच बंद. एकदा खरी वाटणारी लिंक मिळाली, ती उघडल्यावर 'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही'.

मला हवंय काय? फक्त त्याचा उजवा हात. दोन वर्षं झाली, मी 'अलाबामा ब्लूज' हे गाणं गिटारवर बसवतोय. खालच्या स्वरांवर त्याचा अंगठा नक्की कुठे पडतो, ते कानाने कळत नाही. हजार वेळा ऐकलं, नाही कळत. एक अख्खं गाणं, न कापलेलं, हातावर कॅमेरा असलेलं मिळालं तर एका संध्याकाळीत सुटेल. ते चित्रण कुणाच्या तरी कपाटात असेल, नाहीतर त्याच्यावर कुठल्या तरी फुटबॉलच्या सामन्याची टेप झाली असेल. दोन्हींतलं काय, एवढं तरी सांगा.

चौथं पत्र लिहायला घेतलंय.