माकडं हाकलून माकडताप जात नाही

काजूचा हंगाम सुरू झाला, की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतला लाइम रोग गोव्याच्या काजू बागायतींत पोचला आहे. माकडं आणि हरणं तो पसरवतात, त्यांना गावाजवळ फिरकू देऊ नका. गोचीड झाडावरून अंगावर उडी मारते आणि चावली की रोग झालाच. चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओता किंवा पेटती काडी लावा. अंगावर लाल कडं उठलं तर पाच दिवस अँटिबायोटिक घ्या, नाही उठलं तर निर्धास्त राहा.

पुढे पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, हे मान्य. पण यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात चूक आहे आणि एकदोन चुका जिवावर बेतणाऱ्या आहेत.

आधी रोगाचं नाव. सत्तरीच्या रानात गोचिडीमुळे येणारा ताप म्हणजे माकडताप, लाइम नव्हे. लाइम हा जिवाणूचा रोग. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, लाइम या गावाच्या परिसरात, मुलांचे सांधे सुजण्याचे प्रकार वाढले आणि तेच नाव रोगाला चिकटलं. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे वळलेले जिवाणू दिसले, ते संशोधन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. माकडताप मात्र विषाणूचा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली, तेव्हा तो ओळखला गेला. आपल्याकडे २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याचे रुग्ण सापडले, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. लाइमच्या तुरळक नोंदी भारतातही आहेत. तरी डिसेंबर ते मे या काळात काजूच्या बागेत राबणाऱ्याला ताप भरला, तर पहिला संशय माकडतापाचाच घ्यायला हवा.

आता माकडं आणि हरणं. मेसेजची सगळ्यात मोठी गफलत इथे आहे, आणि तो दावा लाइमलाही लागू पडत नाही, माकडतापालाही नाही.

लाइमची गोचीड अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यात जिवाणू नसतात. पुढच्या साधारण दोन वर्षांत ती तीनदाच रक्त पिते: सहा पायांची अळी असताना, मग आठ पायांचं पिल्लू झाल्यावर आणि शेवटी पूर्ण वाढल्यावर. पहिलं रक्त तिला जमिनीलगत मिळतं, आणि पूर्व अमेरिकेतल्या रानात ते बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदराचं, चिपमंक नावाच्या खारीचं किंवा चिचुंद्रीचं असतं. या उंदराच्या अंगात जिवाणू मुक्काम ठोकतात, पण उंदीर ठणठणीत राहतो. त्याला चावलेल्या बहुतेक अळ्या जिवाणू घेऊनच गळून पडतात, कात टाकून पिल्लं होतात आणि खसखशीच्या दाण्याएवढी ती पिल्लं माणसाला चावतात. तिथे ओकची फळं भरपूर आली, की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी रोगट पिल्लं. हरणाच्या रक्तात हा जिवाणू तग धरत नाही. हरीण मोठ्या गोचिडींना पोसतं, त्यांची संख्या वाढवतं, पण त्यांना जिवाणू देत नाही.

आपल्या रानात गोचीड वेगळी. तिचं नाव हीमाफायसॅलिस स्पायनिजेरा, आणि तिच्यात विषाणू असतो. तरी खालच्या थरातली रचना तशीच आहे. रानउंदीर, खारी, चिचुंद्र्या यांच्यात आणि गोचिडीच्या पिल्लांत विषाणू फिरत राहतो. चरायला रानात जाणारी गुरं मोठ्या गोचिडींना पोसतात, म्हणजे हरणाचं काम इथे गुरं करतात. आणि माकड? माकडाला हा ताप माणसासारखाच होतो, बऱ्याचदा माणसापेक्षा वाईट. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू इतका वाढतो, की त्याच्यावरच्या गोचिडी तो उचलतात, आणि माकड मेलं की त्या तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पाल्यात, उतरतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जागा सगळ्यात धोक्याची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, ओढून टाकू नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा, म्हणजे तिथे कीटकनाशक मारता येतं. फटाके लावून कळप हाकलला तर गोचिडीही त्याच्याबरोबर पुढच्या वस्तीवर जातात, आणि पातेऱ्यातले उंदीर राहतात तिथेच. ज्या प्राण्याच्या मरणामुळे धोक्याची पहिली खबर मिळते, त्यालाच गुन्हेगार ठरवणं मला फार लागतं.

गोचीड उडी मारत नाही, तिला उडी मारताच येत नाही. गवताच्या किंवा सुक्या पानाच्या टोकावर ती मागच्या पायांनी धरून राहते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरते. त्या पायांवर गंध आणि ऊब टिपणारं इंद्रिय असतं. आपल्या श्वासाचा, अंगाच्या उबेचा तिला सुगावा लागतो, आणि पाय पानाला घासला की ती कपड्यावर चढते. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचताना आपण नेमके तिथेच वाकतो, पातेऱ्यात हात घालतो, जमिनीवर टेकून बिया पिळतो. झाडाकडे बघत राहण्यापेक्षा पँट मोज्यांत खोचा, लांब बाह्यांचा शर्ट घाला, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आणि काखा, जांघा, कानांमागे, गुडघ्यांच्या लवणीत बोटं फिरवून बघा.

चावली की रोग झालाच, असंही नाही. प्रत्येक गोचिडीत रोग नसतो. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो, रक्त पोटात गेल्यावर तो लाळेच्या ग्रंथींकडे निघतो, आणि या प्रवासाला बहुधा चोवीस तासांहून जास्त लागतात. पण हा हिशेब माकडतापाला लावू नका. त्याच कुळातल्या युरोपातल्या मेंदूज्वराचा विषाणू गोचिडीच्या लाळेत आधीपासूनच असतो आणि चावल्यावर काही मिनिटांत अंगात शिरू शकतो. दिसली की लगेच काढायची.

काढायची ती टोकदार चिमट्याने. कातडीला अगदी लागून तोंडाजवळ धरा आणि न पिळता, न मुरगळता सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा. रॉकेलने किंवा पेटत्या काडीने डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो, शिवाय कातडी भाजते ती वेगळी. नखावर चिरडूही नका.

राहिलं लाल कडं. लाइममध्ये ते दहापैकी सात-आठ जणांना येतं, तीन ते तीस दिवसांत, आणि सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही. माकडतापात तसं कडं येतच नाही. त्यात एकाएकी सणकून ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंग ठेचल्यासारखं दुखणं, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. कधी ताप उतरतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो, आणि दुसऱ्या खेपेला मेंदूपर्यंत जातो. कड्याची वाट बघणारा माणूस हे सगळे दिवस घरी काढील.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डॉक्टर ती देतील तर लेप्टोस्पायरोसिससारख्या दुसऱ्या, जिवाणूच्या रोगाच्या संशयावरून देतील, तो निर्णय त्यांचा. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. रक्तस्रावाची भीती असल्यामुळे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा, तापाला पॅरासिटामॉल चालतं. ताप आल्याच्या पहिल्याच दिवसांत आरोग्य केंद्र गाठा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा, की काजूच्या बागेत होतो, लाकडं किंवा पातेरा आणला होता, वाटेत मेलेलं माकड दिसलं होतं. रक्ताची नेमकी कोणती तपासणी करायची, हे त्यावरून ठरतं.