खुलासा : हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही

'हेल्मेट आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यामुळे टक्कल पडतं. खोबरेल तेलात कांद्याचा रस मिसळून लावा, केस परत येतात,' असा संदेश गोव्यात दुचाकीस्वारांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया हेल्मेट काढू नका.

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि माथ्यावर केस विरळ होतात ते आनुवंशिकतेमुळे, आणि ती आई-वडील दोघांकडूनही येते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाने तिथली केसांची मुळं आक्रसत जातात. पाण्याने केस राठ होतील, घामाने कोंडा वाढेल, एवढंच. कांद्याच्या रसाचा एक छोटा अभ्यास झाला होता, पण तो चाईवर, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाण्यावर. तो आजारच वेगळा.

उपयोगी पडतं ते ५ टक्के मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध : १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. पावसाळ्यात ओल्या डोक्यावर लावून लगेच हेल्मेट चढवलं की औषध टाळूऐवजी अस्तरात जातं, म्हणून आधी डोकं आणि मग औषध पूर्ण सुकू द्या. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केसगळती वाढू शकते आणि बरेच जण नेमके तिथेच थांबतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की मिळालेले केसही जातात.

डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइड १ मिग्रॅची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. काहींची कामेच्छा कमी होते, प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा निम्म्यावर येतो. घरातल्या गर्भवतीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

केस जाऊन पैशाएवढे गोल चट्टे पडले असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.