हायब्रिड बास तळाशी नसतो, आणि अडकलेला दोर कडीला बांधायचा नसतो

डॅलस परिसरातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘छोट्या बोटीतून हायब्रिड बास पकडण्याची सहा गुपितं’ नावाचा मेसेज फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव त्यात नाही, अनुभव कुठल्या तलावावरचा तेही नाही. तो आता माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने नुकतीच चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि १५ हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं आहे. येत्या शनिवारी आठ वर्षांच्या लेकीला घेऊन तो लुइसव्हिल लेकवर ट्रोलिंगला, म्हणजे बोट संथ चालवत मागून ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं खोटं भक्ष्य, ओढायला जाणार आहे. ‘मामा, यात सगळं दिलंय’ असं त्याचं म्हणणं. मासा मिळाला नाही तर काही बिघडत नाही. पण यातली एक सूचना पाळली तर बोटीत पाणी शिरेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं गुपित: ‘हायब्रिड हा जीन बदलून, हार्मोनचं इंजेक्शन देऊन तयार केलेला मासा आहे. पकडा, पण खाऊ नका.’

जीन कुणी बदललेले नाहीत. स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बास या एकाच कुळातल्या दोन माशांचा हा संकर आहे, १९६५ साली साउथ कॅरोलायनात पहिल्यांदा झालेला. मादी स्ट्राइप्ड बासची असली तर पिल्लाला पाल्मेटो बास म्हणतात, मादी व्हाइट बासची असली तर सनशाइन बास. तो खेचरासारखा वांझही नाही. फक्त जलाशयात स्वतःच्या बळावर त्याची वीण टिकत नाही, म्हणून हॅचरीतून बोटुकली आणून पुन्हा पुन्हा सोडावी लागतात.

इंजेक्शनाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. हॅचरीतल्या मादीची अंडी वेळेवर मोकळी व्हावीत म्हणून तिला एचसीजी हे हार्मोन टोचतात. टोचतात आईला, तुमच्या गळाला लागलेला मासा त्यानंतर जन्मलेला आणि तलावातली शॅड मासळी खाऊन वाढलेला असतो. महाराष्ट्रातल्या मत्स्यबीज केंद्रांत रोहू-कटला हार्मोन टोचूनच अंड्यांवर आणतात. हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात भारतीय कार्प माशांवर हा प्रयोग यशस्वी केला, म्हणून तर १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. पिढ्यान्‌पिढ्या रोहूचं कालवण खाणाऱ्यांनी हायब्रिडला नाक मुरडू नये. मासा काढल्याबरोबर कल्ला कापून रक्त जाऊ द्या, लगेच बर्फात ठेवा, आणि तुकड्या करताना कातडीखालची गडद लाल पट्टी काढून टाका. उग्र वास तिच्यातच असतो.

दुसरं गुपित: ‘जुलै-ऑगस्टमध्ये हायब्रिड थंडाव्यासाठी सर्वांत खोल पाण्यात जातो. धरणाच्या भिंतीलगत ५०-६० फुटांवर ल्यूर तळाला घासत न्या.’

सगळ्या मेसेजमधला हा सर्वांत चुकीचा सल्ला, आणि ऐकायला सर्वांत पटणारा. खाली गार, म्हणून मासा खाली. पण माशाला गारव्याआधी प्राणवायू लागतो.

उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार पाणी जड राहतं, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळायचे थांबतात. मधल्या सीमेवर तापमान काही फुटांत झपकन उतरतं, तिला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याखालच्या पाण्याला वरची हवा लागत नाही. वरून मेलेलं शेवाळ आणि कुजका पालापाचोळा मात्र तिथे पडत राहतो, आणि तो कुजताना आहे तो प्राणवायूही संपतो. उत्तर टेक्सासच्या जलाशयांत ही सीमा भर उन्हाळ्यात बहुधा २० ते ३० फुटांच्या दरम्यान सापडते. तलाव, वारा आणि वर्ष यांनुसार वरखाली होते. लुइसव्हिलच्या भिंतीजवळ साठेक फूट पाणी आहे. ऑगस्टमध्ये त्यातल्या तळच्या पाण्यात ल्यूर ओढणं म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडणं.

यावर पक्का आधार हवा असेल तर एकच पुरे. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीतले चार्ल्स कूटंट यांनी १९८५ साली ‘ट्रान्झॅक्शन्स ऑफ द अमेरिकन फिशरीज सोसायटी’ या नियतकालिकात स्ट्राइप्ड बासबद्दल हेच मांडलं. मोठा मासा साधारण २५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाणी टाळतो आणि लिटरमागे २-३ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू असलेलं पाणीही टाळतो. उन्हाळ्यात वरून ऊन आणि खालून घुसमट यांच्या कात्रीत तो एका अरुंद पट्ट्यात कोंडला जातो. हायब्रिडला आईबापांपैकी स्ट्राइप्ड बासपेक्षा जास्त ऊब सोसते, त्यामुळे तो थोडा वरही राहू शकतो. प्राणवायूविना मात्र तोही जगत नाही. म्हणून तो थर्मोक्लाइनच्या जरा वर, बुडालेल्या टेकाडांच्या माथ्यावर, उथळ पठारांच्या कडेला, जिथे शॅडचे थवे असतात तिथे भेटतो. पहाटे तर शॅडमागे थेट पृष्ठभागावर येतो.

ही सीमा बोटीतून शोधता येते. भिंतीपासून लांब, पण खोल पाण्यावर थांबा, फिशफाइंडरची संवेदनशीलता ८०-९० टक्क्यांवर न्या. तळाच्या बऱ्याच वर, एकाच खोलीवर, धुरकट आडवी पट्टी दिसेल. माशांच्या खुणा तिच्या वर असतात, खाली कोरं. फिशफाइंडर नसेल तर दोरीला दर ५ फुटांवर गाठ मारून टोकाला थर्मामीटर आणि वजन बांधा, प्रत्येक गाठीला दोन मिनिटं थांबून आकडा लिहा. जिथे आकडा एकदम घसरतो तिथे तुमची मर्यादा. ल्यूर तिच्या दोन-तीन फूट वर चालवायचं, कारण हायब्रिड डोक्यावरून जाणाऱ्या भक्ष्यावर झेपावतो, खालून जाणाऱ्याकडे क्वचितच वळतो.

शरदात थंड वाऱ्यांनी पाणी ढवळलं की थर मोडतात, आणि मग जानेवारीत खोल पाण्यात मासा मिळतो हे खरं. मेसेजवाल्याने हिवाळ्यातलं ऐकलेलं जुलैला चिकटवलं असावं. भिंतीलगत हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बॉयांच्या आत जायला तर मनाईच आहे. पाणी सोडण्याच्या तोंडांपाशी ओढ असते, तिथे छोट्या बोटीचं काम नाही.

तिसरं गुपित: ‘ताशी ५ मैल ठेवा. जितका वेग आणि जितका दोर, तितकं ल्यूर खोल.’

वेगाचं साफ खोटं. क्रँकबेट या माशाच्या आकाराच्या ल्यूरला खाली नेते तिची लिप, म्हणजे तोंडापुढची तिरपी पट्टी; वर ओढतो तो दोरावरचा पाण्याचा रेटा. ताशी २ ते ३.५ मैलांत ती नीट थरथरत चालते; पाचला बऱ्याच क्रँकबेट आडव्या पडून गरगर फिरत वर येतात. शिसाच्या गाभ्याचा लेड-कोर दोर तर वेग वाढवला की उलट उचलला जातो. त्याचा रंग दर १० यार्डांना बदलतो. ताशी २ मैलांच्या आसपास एका रंगामागे साधारण ५ फूट खोली धरा, वेग वाढला की कमी.

दोराचं अर्धंच खरं. सुरुवातीला दोर सोडाल तशी खोली वाढते, पण दीडशे फुटांच्या पुढे प्रत्येक जादा फुटामागे हाती काही लागत नाही, वळणावर गुंता तेवढा लागतो. उथळ, स्वच्छ पाण्यात मासा बिचकू नये म्हणून लांब दोर ठेवतात, ती गोष्ट वेगळी. खोलीवर त्याहून जास्त परिणाम दोराच्या जाडीचा होतो. ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, जाडीला जेमतेम ८ पौंडी मोनोएवढी, म्हणजे एकसंध नायलॉनच्या दोराएवढी, म्हणून तीच क्रँकबेट तिच्यावर जास्त खोल जाते. पण ब्रेड ताणत नाही आणि हायब्रिडचा पहिला हिसका जबर असतो. रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर सोडणारा ब्रेक, स्प्रिंगकाट्याने मोजून ४-५ पौंडांवर ठेवा आणि रॉड लवचीक घ्या, नाहीतर गळ तोंड फाडून निघतो.

अंदाजाने खोली ठरवू नका. सपाट तळाचं १८ फूट पाणी शोधा, ल्यूर तळाला टकटक करेपर्यंत दोर सोडत जा, किती सुटला ते दोर मोजणाऱ्या काउंटर रीळवर वाचा आणि लिहून ठेवा.

पहिल्या दिवसासाठी टेक्सासमधली जुनी जोडीच बरी. हेलबेंडर प्लग या खोल जाणाऱ्या ल्यूरचे गळ काढून टाकायचे, त्याच्या मागच्या कडीला २० पौंडी मोनोचा तीन-चार फूट लीडर, म्हणजे जोडदोर, आणि टोकाला १२ किंवा १३ नंबरचा पेट स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं ल्यूर. मध्ये स्विव्हल, म्हणजे फिरणारी कडी, हवंच, नाहीतर स्पून दोराला पीळ घालतो. प्लग खोली धरतो, मासा स्पूनला लागतो. रॉडचं टोक धडधडत राहिलं पाहिजे. धडधड थांबली तर गवत अडकलं आहे, रीळ गुंडाळा. मासा लागला की प्लगचा कोन मोडतो आणि सगळी जोडी वर येते.

इंजिन मंद करूनही बोट साडेतीन मैलांच्या खाली येत नसेल तर नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कडीला भोकं पाडलेली बादली बांधा. तिची दोरी प्रोपेलरपर्यंत पोचणार नाही इतकी आखूड हवी. वळणं रुंद घ्या. वळताना आतल्या बाजूचं ल्यूर मंदावतं, बाहेरचं वेग घेतं. आतल्या रॉडला मासा लागला तर वेग जरा उतरवा, बाहेरच्याला लागला तर चढवा. दोघांच्या बोटीत दोन रॉड पुरेत.

चौथं गुपित: ‘ल्यूर तळात अडकलं तर दोर मागच्या कडीला बांधा आणि इंजिनला जोर द्या. नाही सुटलं तर जोरात रिव्हर्स घ्या.’

हे वाचून संताप आला.

चौदा फुटी बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं ती, बहुतेक १५ इंच उंचीची असते. तिच्यापाशीच इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि चालवणारा माणूस. म्हणजे ती बाजू आधीच दबलेली. अडकलेला दोर तिला आणखी खाली खेचतो, बोट त्या खुंट्याभोवती फिरून पाठ वाऱ्याकडे करते आणि लाटा थेट फळीवरून आत येतात. रिव्हर्समध्ये तर बोट पाठीनेच लाटेत घुसते. दोन-तीन लाटांत ५० गॅलन पाणी आलं तरी ४०० पौंडांहून जास्त वजन होतं, आणि ते सगळं मागेच साचतं. पुढची लाट अडवायला काही उरत नाही. कोकणात होडीचा नांगर नाळेवरूनच टाकतात, मागून बांधत नाहीत, त्याचं कारणही हेच. शिवाय दोर ताणून अचानक सुटला तर तीन काट्यांचं ल्यूर गोफणीतल्या दगडासारखं बोटीत येतं. त्या बोटीत आठ वर्षांची मुलगी बसणार आहे.

खरी पद्धत अशी. वेग लगेच उतरवा आणि ड्रॅग सैल करा. दुसऱ्या रॉडला स्पून असेल तर तो आधी गुंडाळून आत घ्या, नाहीतर तोही बसेल. तरंगणारी क्रँकबेट आपोआप वर येते. मग नाळ वाऱ्याकडे वळवून संथपणे अडकलेल्या जागेकडे जा. जाताना ढिला दोर नाळेच्या बाजूने गुंडाळत राहा, प्रोपेलरकडे जाऊ देऊ नका. त्या जागेच्या १०-१५ फूट पलीकडे जाऊन उलट दिशेने हलके झटके द्या. लिप बुंध्यात एका बाजूने रुतलेली असते, उलट ओढीने बहुतेक वेळा सुटते. नाही सुटली तर दोरावरून वजनदार कडी सोडा, ती ल्यूरवर आपटून त्याला ढिलं करते. तेही नाही जमलं तर केरसुणीच्या दांड्याच्या फूटभर तुकड्याला ब्रेडचे सात-आठ वेढे द्या आणि पुढे बसून तुटेपर्यंत ओढा. हाताला गुंडाळू नका, ब्रेड हाडापर्यंत कापते. गेलेलं ल्यूर दहा डॉलरचं असतं.

पाचवं: ‘ट्रोलिंगच्या वेगाला किल स्विच आणि लाइफ जॅकेट लागत नाही.’

किल स्विच म्हणजे चालकाला दोरीने जोडलेला, तो पडला की इंजिन बंद करणारा स्विच. त्याबद्दल कायद्याचं अक्षर मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०२१ पासूनचा केंद्रीय नियम २६ फुटांखालच्या, ३ हॉर्सपॉवर किंवा जास्त इंजिनाच्या बोटींना आहे आणि बोट वेगात पाण्यावर उचलली गेली असतानाच लागू होतो. पण ट्रोलिंगमध्येच माणूस मासा लागला म्हणून उठून मागे वाकतो, आणि इंजिन गिअरमध्ये असतं. तो पडला तर बोट पुढे जाते आणि आत मूल एकटं राहतं. दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. लाइफ जॅकेटबद्दल मात्र मेसेज सरळ चूक आहे. टेक्सासमध्ये २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलाने ते घातलेलंच हवं, वेग कितीही असो.

सहावं: ‘लहान हायब्रिड व्हाइट बास म्हणून धरा, २५ ठेवता येतात.’

हा दंडाला निमंत्रण देणारा सल्ला आहे. राज्यभराचा सर्वसाधारण नियम असा: व्हाइट बास १० इंचांपुढचे, दिवसाला २५, स्ट्राइप्ड आणि हायब्रिड दोन्ही मिळून ५, आणि प्रत्येक किमान १८ इंच. टेक्सोमासारख्या काही तलावांचे नियम वेगळे आहेत, निघण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या यादीत तलावाचं नाव बघा. ओळख अंगावरच्या पट्ट्यांवरून सुरू करा. व्हाइट बासच्या पट्ट्या फिकट, त्यांतली एकच शेपटीपर्यंत जाते. हायब्रिडच्या ठळक, तुटक, आणि बऱ्याच शेपटीपर्यंत पोचतात. शंका उरली तर जिभेवर बोट फिरवा: दातांचा खरखरीत ठिपका एक असेल तर व्हाइट बास, शेजारी शेजारी दोन असतील तर हायब्रिड.

१८ इंचांखालचा हायब्रिड ताबडतोब पाण्यात, फोटोसाठी न थांबता. भर उन्हाळ्यात गरम पाण्यातून दमवून काढलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी बऱ्याचदा पुढे मरतो, म्हणून ‘पकडत राहा, सोडत राहा’ हा खेळ जुलै-ऑगस्टमध्ये नको. पाच झाले की दोन्ही रॉड आत घ्या. धक्क्यावर बोट वर काढली की बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाचा, बूच उघडून लाइव्हवेलसकट (मासे जिवंत ठेवायच्या टाकीसकट) सगळं पाणी तिथेच सांडा. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून टेक्सासमध्ये ते सक्तीचं आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.