उंदराच्या शेवटच्या मिनिटाचं काय?

"तुमच्यात उंदीर मारायलाबी डॉक्टर लागतोय व्हय?" आईनं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून फोनवर विचारलं, तेव्हा मी लीड्समधल्या स्वयंपाकघरात गोठलेला उंदीर फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवत होतो. मुलानं कॉर्न स्नेक पाळलाय. साप दूध पीत नाही, उंदीर खातो.

2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या ग्रुपवर फक्त महादेवी होती. नांदणी मठाची हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातेतल्या वनतारा प्राणिकेंद्रात गेली आणि माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. कुणी श्रद्धा म्हणालं, कुणी तिचे दुखरे पाय दाखवले. दोन्हीकडच्यांचा तिच्यावर जीव होता, हे मी मानतो. पण त्याच आठवड्यात एकानं गुळाच्या गोदामातल्या चिकट पुठ्ठ्यावर तडफडणाऱ्या उंदराचा व्हिडिओ टाकला, आणि त्यावर नुसत्या हसणाऱ्या इमोजी.

मी कुणाला काय बोलणार? लहानपणी आमच्याकडं पिंजरा बादलीत बुडवायचे, आणि ते काम माझ्याकडं असायचं.

इंग्लंडमध्ये सामान्य माणसानं चिकट सापळा लावणं 31 जुलै 2024 पासून गुन्हा आहे. ऐकायला छान वाटतं. पण सापासाठीचा उंदीर पाकिटात गोठून येतो आणि तो कसा मेला हे पाकिटावर नसतं. मी दुकानात विचारलं. "गॅस", एवढंच उत्तर. इथलं सोवळंही तिथल्यासारखंच: डोळ्यांआड झालं की झालं.

गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनुसार तो सिलिंडरमधून, मीटर लावून, दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के या वेगानं सोडायचा. आधीच भरलेल्या पेटीत उंदीर टाकला, तर शुद्ध जायच्या आत तो वायू नाकातल्या ओलाव्यात आम्ल होऊन झोंबतो. नुकती जन्मलेली पिल्लं तर आईच्या पोटात कमी ऑक्सिजनला सरावलेली असतात, त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. आपण थांबलो, पेटी उघडली, आणि पिल्लू हललं, असं होऊ शकतं.

म्हणून साप पाळायचा म्हणणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, व्हिनेगर आणि सोडा वापरून गॅस घरीच करू का?", तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. त्यात वेगावर ताबाच राहत नाही. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये टाकणं तर त्याहून वाईट. मान झटक्यात निखळवणं सरावलेल्या हातानं खरोखर जलद होतं, पण तो सराव व्हिडिओ बघून येत नाही. त्याच्या मित्रानं बॉल पायथन जातीचा अजगर आणलाय (नोंदणी केलीय का, ते विचारायचं राहिलं) आणि तो जिवंत उंदीर सोडतो. उंदीर चावला की सापाला जखमा होतात, हे त्या मित्राला पटलं. उंदराचं दुखणं मात्र पटलं नाही. मी म्हणालो, पशुवैद्याकडून नीट शिकून घेणार नसशील, तर साप पाळू नकोस. भाचा रुसलाय.

आईला मी एवढंच सांगितलं की बादली नको, स्प्रिंगचा चांगला सापळा आण. नीट बसला तर एका झटक्यात मरतो.

"आणि फरशीवरचं रक्त पुसायला तू येणार हाईस तिकडनं?"