वरचं टिंब

"खालचा सूर तीन मात्रा, वरचा दोनच. मग बोट मधेच उचलू का?" पहिल्या व्हायोलिनवालीने भर तालमीत हे विचारलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. तिला उत्तर ठाऊक होतं. म्हणूनच तर विचारलं!

झालं होतं एवढंच, की मी छापून दिलेल्या पानांवर वरच्या सुराचं टिंब राहिलं होतं. कृत्रिम हार्मोनिकमध्ये, म्हणजे व्हायोलिनवर शिट्टीसारखा उंच सूर काढायच्या युक्तीत, पहिलं बोट तार दाबतं. तो सूर 'सा' धरला तर करंगळी मध्यमावर नुसती टेकते. दाबलेला सूर साधा लिहायचा, टेकलेला पोकळ, तिरप्या चौकोनाने. लिलीपॉन्ड या संगणकावर स्वरलेखन छापायच्या प्रणालीत हे सगळं टाइप करावं लागतं. कोनी कंसात दोन सूर, दुसऱ्याला शेपूट 'हार्मोनिक', मग तीन मात्रांसाठी दोनचा आकडा (दोन मात्रा) आणि टिंब (त्यात निम्मी भर). ते टिंब साध्या सुराला आपोआप मिळतं. चौकोनाला वेगळा अर्ज करावा लागतो. हाताने कोरलेल्या जुन्या छपाईचं देखणेपण संगणकावर यावं म्हणून दोन डच मंडळींनी १९९६ साली ही प्रणाली सुरू केली. देखणेपण आलंय, त्याबद्दल वाद नाही.

रात्री मी तो अर्ज शोधत असताना खालच्या मजल्यावरचे काका मेन्टेनन्सची पावती द्यायला आले. काका पेटी शिकवतात. पावती हातातच ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"ही शंकरपाळी कसली रे?"

सांगितलं.

"वाजव बघू."

वाजवलं. मिडीला, म्हणजे संगणकाच्या वाजवण्याला, शंकरपाळीचा अर्थ कळत नाही, ते कागदावरचे दोन्ही सूर सरळ वाजवून मोकळं होतं.

"हा तर नुसता सा-म! यायला काय हवं?"

"तोच सा, दोन सप्तकं वर."

"मग सा लिही आणि डोक्यावर दोन टिंबं दे. भातखंड्यांनी सोय करून ठेवली आहे."

"पण काका, बोट कुठे ठेवायचं ते कसं कळणार?"

"व्हायोलिनवालीला बोट कुठे ठेवायचं ते तू सांगणार?"

मी गप्प.

"आणि मघापासून शोधतोयस काय?"

"टिंब."

काकांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "घे. संपलं."

याचाच मला संताप येतो. तबला लावायला अर्धा तास गेला तर ती साधना. टिंब लावायला तेवढाच वेळ गेला की पोरगा रिकामटेकडा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंनी मला विचारलं, "शंकरपाळ्या झाल्या का?"

शेवटी लिलीपॉन्डमधल्या 'हार्मोनिकडॉट्स' या सेटिंगला हो म्हटलं आणि सगळ्या चौकोनांशेजारी टिंबं उमटली. पानं पुन्हा छापली, चिकटवली, तालमीला नेली. पहिल्या व्हायोलिनवालीने ती घेतलीच नाहीत. जुन्या पानांवर तिच्या बोटांचे आकडे लिहून झालेत म्हणे, आणि टिंबं तिने त्याच दिवशी पेन्सिलने दिली होती. छपाईचे पैसे वर्गणीतून घ्या, असं मात्र कोणी म्हणालं नाही.